खानदेशच्या उन्हात कॉम्प्युटर मंदावला तर: आधी आकडा तपासा, मग स्क्रू उघडा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार सुरू होते: "भाऊ, मना कॉम्प्युटर भलता हळू चाली ऱ्हायना." हल्ली सोबत मोबाईलवर काढलेला फोटोही असतो. कुठल्यातरी मॉनिटरिंग सॉफ्टवेअरची खिडकी, त्यात लाल रंगातला एखादा आकडा, आणि "हे १२७ डिग्री दाखवतंय, प्रोसेसर गेला का?" असा प्रश्न.

बहुतेक वेळा गेलेलं काहीच नसतं. तो आकडा एकतर खोटा असतो, नाहीतर खरा असून अर्धवट वाचलेला असतो. तापमानाच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहिल्या तरच तो कामाचा: खोलीचं तापमान, त्या क्षणी प्रोसेसरवर किती काम होतं, आणि प्रोसेसर किती गिगाहर्ट्झवर पळत होता. "ऐंशीच्या वर गेला की धोका" छाप सल्ले ज्या खोल्यांत बसून लिहिले जातात तिथे बावीस अंश असतात. आपल्याकडे पत्र्याच्या छताखालच्या ऑफिसात दुपारी बेचाळीस असतात. हवेवर थंड होणारी मशीन खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. म्हणजे डिसेंबरात पुण्याला कामाच्या भरात ६८ दाखवणारा प्रोसेसर, काहीही न बिघडता, इथे मे महिन्यात ८८ दाखवेल. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून दिल्या आहेत.

नक्की काय मंद आहे, ते आधी ठरवा

सुरुवात रीस्टार्टने करा. शट डाउन नव्हे, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच जागा होतो. महिनाभर रोज संध्याकाळी "बंद" केलेला कॉम्प्युटर खऱ्या अर्थाने महिनाभर बंदच झालेला नसतो. रीस्टार्ट करण्याआधी बघायचं तर टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरवर काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा, त्याच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली (म्हणजे प्रोसेसरखाली) "अप टाइम" असतो. तिथे वीस-बावीस दिवस दिसले तर कारण तेच.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं थांबा, सुरुवातीची धावपळ संपू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ज्या कामाला वेळ लागतो तेच काम करून बघा. टॅलीत रिपोर्ट काढा, सेतू केंद्रात असाल तर पोर्टलवर फॉर्म उघडून कागद स्कॅन करा. त्या वेळी कुठला रकाना भरतो ते पाहा.

डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली आणि प्रोसेसर दहा-पंधरावर निवांत, हे चित्र दिसलं तर कॉम्प्युटर बहुधा अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालतोय. तसं असेल तर एसएसडीशिवाय (न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) दुसरा इलाज शोधत वेळ घालवू नका. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे मेगाबाइटच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क शंभर-दीडशे. पण खरा फरक त्यातही नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इकडून तिकडून उचलाव्या लागतात, तिथे फिरत्या डिस्कचा दम निघतो. जुन्या मशीनवर पैसे एकदाच घालायचे असतील तर ते एसएसडीवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोसेसर बदलून होणार नाही एवढा फरक पडतो.

मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडतेय. ४ जीबीवर आजचा ब्राउझर आणि टॅली एकत्र नांदत नाहीत.

प्रोसेसर शंभरावर असेल तर प्रोसेसेस टॅबमध्ये तो कोण खातंय ते बघा. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' असेल तर विंडोजचं स्कॅन चालू आहे, होऊ द्या. आणि एक चलाख प्रकार ओळखून ठेवा: पंखा घोंघावतोय, टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत होतो, बंद केला की पुन्हा सुरू. क्रॅक सॉफ्टवेअरसोबत आलेले काही छुपे मायनर (तुमच्या प्रोसेसरवर गुपचूप क्रिप्टो चलन कमावणारे प्रोग्राम) टास्क मॅनेजर दिसताच काम थांबवतात. असे पकडायचे तर पुढे सांगितलेली लॉग फाइल वापरा.

सगळे रकाने मोकळे आणि तरीही मशीन रांगतेय, ही अवस्था सगळ्यात जास्त चकवते. तेव्हा सीपीयूच्या आलेखाखालचा "स्पीड" वाचा आणि शेजारच्या "बेस स्पीड"शी, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या मूळ वेगाशी, ताडून बघा. आय५-१०४०० चा बेस स्पीड २.९ गिगाहर्ट्झ आहे. काम करताना तो त्याच्या वर असला पाहिजे. तो १.२ वर अडकला असेल तर कुणीतरी लगाम खेचलाय. कुणी, ते शोधायला मॉनिटरिंग सॉफ्टवेअर लागतं, कारण टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही.

सॉफ्टवेअर कुठलं, आणि त्यात बघायचं काय

एचडब्ल्यूइन्फो हे मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. फुकट आहे आणि लगाम कुणी खेचला तेही सांगतं. एचडब्ल्यूमॉनिटर आणि कोअर टेम्प सोपे आहेत, डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. उतरवताना गूगलच्या निकालात वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. अशा सॉफ्टवेअरच्या नावाने हुबेहूब खोट्या साइट बनवून व्हायरस वाटले गेले आहेत. थेट बनवणाऱ्याच्या साइटवर जा.

एचडब्ल्यूइन्फो सुरू करताना "सेन्सर्स ओन्ली" वर टिक करा. शेकडो ओळी उघडतील, त्यांना घाबरू नका. कामाच्या ओळी मोजक्याच: प्रोसेसरचं पॅकेज (अख्ख्या चिपचं) तापमान, कोअर क्लॉक (म्हणजे वेग), सीपीयू पॅकेज पॉवर, आणि इंटेलच्या प्रोसेसरवर "थर्मल थ्रॉटलिंग" (उष्णतेमुळे लगाम) व "पॉवर लिमिट एक्सीडेड" (विजेच्या मर्यादेमुळे लगाम) या होय-नाहीच्या ओळी. शिवाय "डिस्टन्स टू टीजेमॅक्स", म्हणजे कमाल मर्यादेपासून अजून किती अंश दूर आहोत ते. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेची ९५. मर्यादेला टेकला म्हणजे प्रोसेसर जळतो असं नाही. तो स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतो. तुम्हाला जाणवतो तो मंदपणा हाच.

आता मोजणी. खोलीत भिंतीवरचा साधा थर्मामीटर ठेवा, शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. कॉम्प्युटर सुरू करून वीस मिनिटं काही न करता सोडा. खोलीचं आणि प्रोसेसरचं तापमान लिहा. मग घड्याळाच्या चिन्हावर क्लिक करून किमान-कमाल आकडे शून्यावर आणा आणि लॉगिंगचं बटण दाबा, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी फाइल तयार होत राहील. त्यानंतर पंधरा मिनिटं मशीनला कामाला लावा. सीपीयू-झेडच्या बेंच टॅबमधला स्ट्रेस चालतो. पुन्हा तिन्ही आकडे लिहा: खोली, प्रोसेसर, गिगाहर्ट्झ.

प्रोसेसरमधून खोली वजा करा. ही वजाबाकी म्हणजे तुमच्या मशीनची खरी तब्येत, कारण ती ऋतूप्रमाणे फारशी हलत नाही. खोली ४२ आणि प्रोसेसर ८६ असेल तर फरक ४४. डेस्कटॉपला पूर्ण कामात हे अगदी ठीक. खोली ३० आणि प्रोसेसर ९८, म्हणजे फरक ६८, आणि क्लॉक बेसच्या खाली. म्हणजे प्रोसेसरवरचा कूलर धुळीने भरलाय किंवा दोघांच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलीय. पहिल्या मशीनचा मालक घाबरून दुकानात येतो, दुसऱ्याचा "हिवाळ्यात चालतंय की" म्हणत मार्चपर्यंत काढतो. लॅपटॉपचं गणित वेगळं. पातळ लॅपटॉप कामात नव्वदीच्या पुढे जाणारच. तिथे तापमानापेक्षा क्लॉक किती टिकतो ते बघा.

आकडाच खोटा असेल तर

आता त्या १२७ कडे. मदरबोर्डवर नुवोटॉन किंवा आयटीई कंपनीची एक छोटी चिप असते. तिला तापमान, व्होल्टेज, पंख्याचा वेग मोजायला अनेक पिना असतात, पण बोर्ड बनवणारा त्यातल्या सगळ्या जोडत नाही. मोकळ्या पिनेवर सॉफ्टवेअरला काहीबाही वाचायला मिळतं: १२७, कधी उणे ५५, कधी दर सेकंदाला उड्या मारणारं काहीतरी. "ऑक्सटिन" नावाच्या ओळीवर हे नेहमी दिसतं. खरं तापमान असं वागत नाही. प्रोसेसर ५० वर, हाताला कॅबिनेट कोमट आणि एक ओळ १२७ वर अढळ, तर त्या ओळीवर राइट क्लिक करून ती लपवा आणि विसरून जा.

तसंच "थर्मल झोन" नावाखाली बारा महिने २७.८ दाखवणारी ओळ. मे महिन्यात भुसावळच्या बंद खोलीत २७.८ अंशांचं काहीही असू शकत नाही! तो बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवलेला ठरावीक आकडा असतो.

व्होल्टेजचंही असंच. १२ व्होल्टच्या ओळीवर ८ दिसले म्हणून पॉवर सप्लाय बदलायला निघू नका. खरोखर ८ व्होल्ट असते तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता. एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉप पॉवर सप्लायच्या मानकात पाच टक्के मुभा आहे, म्हणजे १२ ची ओळ ११.४ ते १२.६ मध्ये हवी. सॉफ्टवेअरने याबाहेर दाखवलं तर आधी बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटर पानावर बघा, आणि शंका उरली तर मल्टिमीटरने मोजा. अंतिम शब्द मल्टिमीटरचा.

पंखा ० आरपीएम दाखवत असेल तर डोळ्यांनी बघा. फिरत असेल तर तो पॉवर सप्लायच्या मोलेक्स पिनेवर थेट जोडलेला असेल, ज्यातून वेगाची माहितीच येत नाही. बरीच ग्राफिक्स कार्डं थंड असताना पंखे मुद्दाम बंद ठेवतात. लॅपटॉपमध्ये तर पंख्याचा वेग अनेकदा सॉफ्टवेअरला मिळतच नाही.

अजून एक, आणि हे लोक हमखास करतात: तीन-तीन मॉनिटरिंग सॉफ्टवेअर एकदम चालू. बोर्ड कंपनीचं एक, आरजीबी दिव्यांचं दुसरं, वर एचडब्ल्यूमॉनिटर. सगळी त्याच चिपला एकाच वेळी विचारतात, आणि एकाला दुसऱ्याचं उत्तर मिळतं. मग आकडे उड्या मारतात, पंखे उगाच भणभणतात, कधी मशीन क्षणभर अडखळते. एका वेळी एकच ठेवा. लॅपटॉपवर एचडब्ल्यूइन्फोने एम्बेडेड कंट्रोलर (लॅपटॉपचा पंखा, बॅटरी सांभाळणारी चिप) वाचण्याबद्दल इशारा दिला आणि त्यानंतर माउस अडखळू लागला तर तो सेन्सर बंद करा. वाचण्याचा वेग दोन सेकंदांवर असला तरी पुष्कळ. सतत विचारत राहिल्याने झोपलेले कोअर जागे होतात आणि निवांत अवस्थेतलं तापमान उगाच चढलेलं दिसतं.

सॉफ्टवेअर उघडत नाही, किंवा सेन्सर गायब

प्रोसेसरचं तापमान वाचायला सॉफ्टवेअरला विंडोजच्या आतल्या थरात ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) घालावा लागतो, आणि अडचण तिथेच येते. आधी राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून बघा. नुसत्या रिकाम्या खिडकीचं अर्धं कारण हेच असतं.

मार्च २०२५ पासून बऱ्याच जणांना विंडोज डिफेंडरने "विनरिंग०" नावाचा धोका सापडल्याचा इशारा दिला आणि त्यांचं पंखे चालवणारं किंवा तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर एका दिवसात लुळं पडलं. विनरिंग० हा अनेक फुकट सॉफ्टवेअरनी वाटून वापरलेला जुना ड्रायव्हर. त्यात सुरक्षेची खरी त्रुटी आहे, २०२० पासून नोंदलेली. म्हणजे तुमच्याकडे व्हायरस आलाय असं नाही, पण इशारा खोटाही नाही. यावर काही व्हिडिओंमध्ये डिफेंडर बंद करायला किंवा त्या फाइलला सूट द्यायला सांगतात. ज्या मशीनवर लोकांचे आधार कार्ड आणि बँकेचे व्यवहार चालतात तिथे हे अजिबात करू नका. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या. लिबर हार्डवेअर मॉनिटरसारख्या सॉफ्टवेअरनी पुढे पॉन-आयओ नावाचा वेगळा ड्रायव्हर घेतला. जुनं ओपन हार्डवेअर मॉनिटर वापरत असाल तर ते काढून टाका. एचडब्ल्यूइन्फोचा ड्रायव्हर स्वतःचा आहे, त्याला हा फटका बसला नाही.

विंडोज ११ मध्ये विंडोज सिक्युरिटी, मग डिव्हाइस सिक्युरिटी, मग कोअर आयसोलेशन असं गेलं की "मेमरी इंटिग्रिटी" दिसते. ती चालू असताना जुने ड्रायव्हर अडवले जातात. तीही बंद करू नका, सॉफ्टवेअर बदला.

टास्क मॅनेजर किंवा परफॉर्मन्स मॉनिटरचेच आलेख रिकामे येत असतील तर विंडोजचे काउंटर (हे आकडे मोजणारी यंत्रणा) बिघडलेत. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा. एल-ओ-डी-सी-टी-आर ही सहा अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, मग स्लॅश आणि कॅपिटल आर. एंटर मारा. चूक दाखवली तर तीच ओळ पुन्हा एकदा चालवा, दुसऱ्या वेळेला बहुतेक होऊन जातं. मग रीस्टार्ट.

उष्णता: आता स्क्रू ड्रायव्हर

वजाबाकी जास्त आली तरच इथे या.

धुळीचा प्रकार गावागणिक बदलतो. रस्त्यालगतच्या दुकानात काळ्या मातीची बारीक धूळ. रावेर-यावलकडे ट्रकांची ये-जा असलेल्या कच्च्या आवारातली. आणि जिनिंगजवळ कापसाचे तंतू, जे सगळ्यात वाईट. जिनिंगच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचा कूलर उघडला तर वरून पंखा स्वच्छ दिसतो, पाती नुसती करडी. पंखा काढल्यावर खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या तोंडावर रुईचा एकसंध पापुद्रा बसलेला असतो, एवढा घट्ट की चिमट्याने एका कडेला धरला की अखंड वर येतो, पंख्याच्या गोल आकाराचा. त्याच्या खालच्या पट्ट्या नव्यासारख्या चकचकीत, कारण तिथवर हवा पोचलेलीच नसते. म्हणून वरून ब्लोअर मारून भागत नाही. पंखा काढावाच लागतो.

क्रम असा. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेट ओसरीवर किंवा गच्चीवर न्या, घरात ही धूळ उडवू नका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीजही तयार होते. ब्लोअरचं तोंड बोर्डापासून वीतभर लांब. पॉवर सप्लाय बाहेरूनच साफ करा, तो उघडू नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.

पेस्ट बदलायची असेल तर इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरच्या चार खिट्ट्या बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवून वर ओढायच्या. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कूलर सरळ वर ओढायचा नाही. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला चिकटवून ठेवते आणि तो लॉक असतानाही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रॉकेल किंवा पेट्रोलने नाही. नवी पेस्ट मध्यभागी तुरीच्या दाण्याएवढी पुरते. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

लॅपटॉपमध्ये कचरा पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये अडकतो. बाहेरून जाळीत हवा मारली तर तो आतल्या पंख्यावर जाऊन बसतो. मागचं झाकण उघडूनच साफ करा, आणि सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढा.

खोलीतल्या कूलरबद्दल दोन शब्द. आपल्याकडे उन्हाळाभर वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर चालतो, आणि खोली ४२ वरून ३२ वर आली तर प्रोसेसरलाही दहा अंशांचा आराम मिळतो. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओलसर हवेत धूळ चिखलासारखी घट्ट बसते, आणि बोअरिंगच्या पाण्यातले क्षार कनेक्टरवर पांढरे चढतात. कॅबिनेट कूलरच्या समोर नको, बाजूला ठेवा, आणि खिडकी थोडी उघडी.

उन्हाळ्यापुरता एक बिनखर्चाचा उपाय आहे. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग उघडा, "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" १०० वरून ९९ करा. एका टक्क्याचा फरक दिसतो, पण त्यामुळे टर्बो (गरजेला बेस स्पीडच्या वर पळण्याची सोय) बंद होतो. प्रोसेसर बेस स्पीडपर्यंतच पळतो आणि बराच थंड राहतो. टॅली, ब्राउझर, वर्ड यांत फरक जाणवतही नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना जाणवेल. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो.

वीज: सेन्सरला न दिसणारं कारण

तापमान ठीक, डिस्क ठीक, तरी मशीन अधूनमधून अचानक रीस्टार्ट होते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेली. ते कारण नव्हे, पंचनामा आहे. महत्त्वाची आहे ती तिची वेळ. शेतीपंपांची लाईट येण्याच्या वेळेशी ती जुळते का बघा. पंप एकदम सुरू झाले की गावात लाईट डिम होते, जुना पॉवर सप्लाय ते झेपवू शकत नाही. यूपीएस असूनही असं होत असेल तर त्याची बॅटरी संपलीय. या लेड ॲसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना जवळपास निम्मं होतं, त्यामुळे कंपनीने सांगितलेली वर्षं खानदेशात मिळत नाहीत. यूपीएस टेबलाखाली कोपऱ्यात कोंबू नका. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप चालवत असाल तर मागचं बटण "यूपीएस" मोडवर हवं, नाहीतर लाईट गेल्या-गेल्या कॉम्प्युटरही जातो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? सॉकेटला तीन छिद्रं आहेत पण अर्थिंग नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. विद्युतप्रवाह अगदी थोडा असतो, पण यूएसबीवरचा फिंगरप्रिंट स्कॅनर मध्येच तुटणं, माउस उड्या मारणं यामागे हे असू शकतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हे सॉफ्टवेअरने सुटणार नाही.

लॅपटॉप ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर अडकलाय, तापमान जेमतेम पन्नास, आणि चार्जर काढला की वेग परत येतो? मग चार्जर बाजारातला साधा आहे. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर ओळखू आला नाही की प्रोसेसरला लगाम घालतात. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-प्रोसेसर-पॉवर ३७" ही नोंदही दिसते, म्हणजे वेग फर्मवेअरने (बोर्डातल्या सॉफ्टवेअरने) अडवलाय. सेतू केंद्रांतल्या लॅपटॉपवर हे फार दिसतं, कारण मूळ चार्जर कधीच गेलेला असतो. योग्य वॉटचा, कंपनीने ओळखलेला चार्जर घ्या. हा लगाम सॉफ्टवेअरने काढण्याचे उपाय सापडतात, पण तेव्हा बोर्डावरचे इतर भाग खरोखर तापले तरी प्रोसेसरला इशारा मिळत नाही. मी ते करत नाही.

डिस्क आणि रॅम

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. "गुड" असं निळं लिहिलंय म्हणून बंद करू नका. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे रॉ आकडे वाचा. ते मुळात हेक्समध्ये दिसतात. फंक्शन मेनूतून ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन दशमानात करून घ्या, म्हणजे "१०" चे सोळा आहेत की दहा हा घोळ होणार नाही. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. सी५ वाढत असेल तर डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीत, आणि मशीन मध्येच दहा-वीस सेकंद गोठते ती त्यामुळेच. अशा वेळी डिफ्रॅग, चेक डिस्क काही चालवू नका. आधी टॅलीचा डेटा आणि फोटो दुसरीकडे घ्या, डिस्कला जोर नंतर द्या. सी७ ची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. केबल स्वस्त असते, तीच आधी बदला.

रॅमची शंका असेल तर रन खिडकीत एम-डी-एस-सी-एच-ई-डी टाइप करा, रात्री चाचणी लावून झोपा. चुका सापडल्या तर पट्ट्या काढून सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडाने कण झटका, घट्ट बसवा आणि पुन्हा चाचणी घ्या. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा म्हणजे खराब कोणती ते कळेल. ८ ची एक पट्टी असेल आणि स्लॉट रिकामा असेल तर तशीच दुसरी लावल्याने ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वाचल्या जातात. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशीनला त्याचा चांगला फायदा होतो.

एवढं करूनही दुकानात न्यायची वेळ आली तर मशीनसोबत एचडब्ल्यूइन्फोची लॉग फाइल पेन ड्राइव्हवर द्या, आणि एका चिठ्ठीवर खोलीचं तापमान, अडचण कधी येते आणि तेव्हा काय काम चालू होतं ते लिहा. दुकानात एसी किंवा कूलर असतो, लाईट स्थिर असते, आणि तिथे मशीन अगदी सुतासारखी चालते. मग मेकॅनिक प्रामाणिक असला तरी विंडोज पुन्हा टाकून देतो. चिठ्ठी असेल तर निदान दुपारी दोन वाजता, कूलर बंद करून, एकदा चालवून तरी बघेल.